वाळूचा कौल

कांदळखोलात जमिनीवरून भांडण नाही. आंब्यावरून नाही, काजूवरून नाही, वाटेवरून तर मुळीच नाही. एवढं समंजस गाव साऱ्या सिंधुदुर्गात सापडायचं नाही, असं निदान कांदळखोलची माणसं तरी सांगतात. भांडण आहे ते फक्त एका नारळाचं.

नारळी पौर्णिमेला देव रवळनाथाच्या देवळातून मिरवणूक निघते, रेवेवाडीतून समुद्रावर जाते आणि धुऱ्यांच्या थोरल्या घराचा माणूस पहिला नारळ पाण्यात सोडतो. तो सुटल्याशिवाय एकही होडी पाण्यात जायची नाही. आता थोरलं घर कुठलं, एवढाच काय तो प्रश्न. रेवेवाडीतला भिकाजी धुरी म्हणतो, आमचं. सड्यावरचा महादू धुरी म्हणतो, आमचं. दोघे चुलतभाऊ, दोघांचं नाक सारखंच लांब आणि सारखंच वर. भिकाजीचं म्हणणं असं, की मूळपुरुष आठशे वर्षांपूर्वी गलबतातून उतरला तो इथे, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या या वाळूच्या पट्टीवर. महादूचं म्हणणं असं, की मूळपुरुष घाट उतरून आला आणि वर कातळाच्या सड्यावर राहिला. धाकट्या पोराला माशांची चटक लागली म्हणून ते खाली वाळूत गेलं. पुरावा दोघांकडेही भरपूर. म्हणजे दोघांच्या आज्याने सांगितलेलं.

आजवर भिकाजी नारळ सोडायचा आणि महादू कुरकुरायचा; गेल्या वर्षी दोघांनी एकदमच नारळ भिरकावले. ते हवेत एकमेकांवर आपटून फुटले आणि पाणी पडलं भाई गुरवाच्या डोक्यावर. होडीवाले कपाळाला हात लावून बसले. मग देवाला कौल लावला, तर मूर्तीला चिकटवलेली भिकाजीच्या नावाची उजवी कळी आणि महादूच्या नावाची डावी कळी एकाच वेळी खाली आली. भाई गुरव डोकं पुसत म्हणाला, "देव म्हणता, माका तुमच्या भानगडीत घेव नका."

लोक हसले, पण भिकाजीला हसू आलं नाही. जन्मभर त्याने कुडाळ-मालवण एस.टी.त कंडक्टरकी केली. "फुडे सरका, फुडे सरका" असं सांगण्यात हयात गेली आणि सरकलं कोणी नाही. वर्षातून एकच दिवस असा, की सगळा गाव न सांगता त्याच्या मागे उभा राहायचा. तेवढा दिवस गेला तर उरलं काय? पेन्शन आणि गुडघेदुखी.

तर अशा या गावात चैत्राच्या उन्हात पुण्याच्या संस्थेतून डॉक्टर प्राजक्ता आली. डॉक्टर म्हटल्यावर आधी सगळे गुडघे घेऊनच तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "मी माणसांची नाही हो, मी वाळूची डॉक्टर." समुद्र पूर्वी कुठपर्यंत होता, कधी पुढे आला, कधी मागे गेला, हे तिला शोधायचं होतं. लांबलचक पाइप जमिनीत ठोकायचा, आतल्या वाळूसकट उपसायचा आणि वाळूचं वय काढायचं.

वय म्हटल्याबरोबर भिकाजीचे कान टवकारले.

"वय कसा काढतास?" त्याने विचारलं. मग ऑफिसातल्या मराठीत पुन्हा विचारलं, "म्हणजे वय कसं काढता आपण?"

प्राजक्ताने हौसेने समजावलं. वाळूचा कण पुरला गेला की आजूबाजूच्या मातीतून बारीकशी किरणं त्याच्यात साठत जातात. ऊन लागलं की ते सगळं पुसलं जातं. म्हणून पाइप काळ्या कापडात गुंडाळून न्यायचा, अंधाऱ्या खोलीत उघडायचा, आणि मग तो कण सांगतो, मला शेवटचं ऊन कधी लागलं. "उन्हाचा एक कवडसा जरी लागला, तरी सगळं मुसळ केरात," ती म्हणाली.

भिकाजीला यातलं ऐकू आलं ते एवढंच: वाळू बोलते आणि वय सांगते. आठशे वर्षांचा साक्षीदार त्याच्या स्वतःच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पुरलेला होता आणि तो आजवर आज्याचे दाखले देत बसला होता!

"बाई, तुम्ही माझ्याच खळ्यात ठोका," तो म्हणाला. "त्या पुढच्या माडाच्या बुंध्याशी. दुसरीकडे जायचंच नाही."

तिने एक पाइप खाडीकडे ठोकला आणि दुसरा भिकाजीच्या खळ्यात ठोकायचं ठरवलं. त्या दुपारी तिला कोंबडी-वडे झाले, सोलकढी झाली, वर पानातला वडा संपू नये म्हणून सत्यवती, भिकाजीची बायको, राखणीला उभी राहिली. एवढं झाल्यावर वाळू आठशे वर्षांची निघाली नसती, तर तो वड्यांचा अपमान झाला असता.

पण भिकाजीला नुसतं शास्त्र पुरेना. त्याने भाई गुरवाला बोलावलं, महादूला निरोप धाडला आणि पाइपासमोर पानाचा विडा ठेवून सगळ्या गावादेखत गाऱ्हाणं घालायला लावलं. भाई गुरवाने डोळे मिटले आणि सूर लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही जी काय पुण्याची बाई तुझ्या रेवेर नळी ठोकूक इली हा, तिच्या नळीत तूच उतर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"जा काय त्या नळीतसून निघात, तोच तुझो कौल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या कौलाक जो कोण फाटे फोडीत, तेका वाटेक लाव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज भिकाजीचा होता. महादूचाही लहान नव्हता.

"अहो, पण हे असं नसतं," प्राजक्ता म्हणाली. "मी समुद्राचं बघायला आलेय. कोणाचं घर आधीचं, ते वाळू कसं सांगणार?" तिचं कोण ऐकतो! विडा उचलला गेला होता.

संध्याकाळी तिची जीप बिघडली आणि कुडाळला न्यावी लागली. खाडीकडचा पाइप जीपमध्येच होता. खळ्यातला पाइप तिने काळ्या कापडात बांधून, तोंडं चिकटपट्टीने बंद करून भिकाजीच्या पडवीत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. "परवा येऊन नेते. उघडू नका. उन्हात तर अजिबात नको," असं बजावून ती गेली.

भिकाजीला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. देवाचा कौल पडवीत पडलाय आणि शेजारी काय, तर सुकटाची टोपली! ना हळद, ना कुंकू. शिवाय सकाळी बघतो तर कापडाखालून पाणी झिरपलेलं. आता कोकणात जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर कळते, ती ही, की ओली वस्तू बंद करून ठेवली की तिला बुरशी धरते. मग ती सोलं असोत, फणसाचे पापड असोत, नाहीतर आठशे वर्षांची वाळू असो.

त्याने चिकटपट्टी सोडवली. सुपात वाळू पसरली, सूप तुळशीपुढे उन्हात ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले.

सत्यवती पाणी भरून आली ती घागर कमरेवर घेऊनच थांबली. "अवो, बाई सांगान गेली ना, उनात घालू नको म्हणान?"

"तां पुण्याच्या वाळूचा," भिकाजी म्हणाला. "आपली वाळू जल्मापासून उनातच आसा. तिका काय होता?"

"तुमका अक्कल सुकवक घालूची होती, ती घातलास असती तर बरा झाला असता."

एवढ्यात शेजारच्या पेद्रूच्या कोंबड्या आल्या आणि त्यांनी सुपात पाय घातले. भिकाजी "हाड् हाड्" करत धावला. थोडी वाळू सांडली. ती त्याने खळ्यातलीच दोन ओंजळी घालून भरून काढली. वाळूच ती, एकाच घरची. मग वाळू पाइपात कोंबली, चिकटपट्टी ओढून बसवली, कापड बांधलं. वरून एक उदबत्ती ओवाळली. दुसऱ्या दिवशी प्राजक्ता येऊन पाइप घेऊन गेली, आणि भिकाजीने समाधानाने हात झटकले.

मग पावसाळा आला. आषाढातल्या उधाणाने यंदा कहर केला. एका भरतीला लाट सरळ खळ्यात आली, पुढच्या माडाची मुळं उघडी पडली, आणि आठवड्याभरात माड आडवा होऊन गेलासुद्धा. त्याच्यामागून निम्मं खळं गेलं. सत्यवतीने तुळस उचलून मागच्या दारी नेली आणि तिकडे तोंड करून बराच वेळ पदर डोळ्याला लावला. भिकाजी मात्र वाडीत सांगत सुटला, "माड म्हातारो झाल्लो. मीच तोडलंय." थोरल्या घराचं खळं समुद्राने नेलं, हे सड्यावर कळलं तर महादू काय म्हणेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. पेद्रूच्या कुंपणाची तीच गत झाली होती, पण पेद्रूला थोरलेपणाचा रोग नव्हता. तो उघडपणे बोंबलत होता.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली आणि प्राजक्ता निकाल घेऊन हजर झाली. देवळाचा सभामंडप भरला. भिकाजी इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसला. महादू त्याच्यासमोर, दाढी करून. भाई गुरव मध्ये, डोक्याला टॉवेल गुंडाळून. गेल्या वर्षीचा नारळ तो विसरला नव्हता.

"खाडीकडच्या पाइपात आधी वाळू, मग चिखल, मग पुन्हा वाळू आहे," प्राजक्ताने सुरुवात केली. "याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. तुमची ही पट्टी—"

"तां रवांदे बाई," मागून कोणी ओरडलं. "खळ्यातला सांगा! कौल खळ्यातलो आसा!"

"सांगते. पण आधी हे ऐका, समुद्र इथे—"

"समुद्र आमका ठावक आसा! आमी तेच्याच शेजारी रवतो! वय सांगा, वय!"

प्राजक्ताने कागद उलटला. "भिकाजीरावांच्या खळ्यातल्या वाळूला शेवटचं ऊन लागलं ते यंदा. चैत्रात."

मग महादू उठला.

"म्हणजे... म्हणजे भिकाजीचा घर यंदाच्या चैत्रातला! रे मेल्या, आठशे वर्सां म्हणी! तुझ्या घराचो अजून बारसोसुद्धा झाल्लो नाय!"

जो हशा पिकला! म्हाताऱ्या माणसांनी मांड्या बडवल्या. बायका तोंडाला पदर लावून गदगदल्या. भिकाजी खाली मान घालून बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कौल आपणच मागितलेला, विडा आपणच ठेवलेला, आणि 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठ्याने आपणच म्हटलेलं.

"थांबा, थांबा," प्राजक्ता ओरडून म्हणाली. "हे शक्यच नाही! एवढ्या खालची वाळू यंदाची असूच शकत नाही. कोणीतरी पाइप उघडलाय. उघडून उन्हात ठेवलाय."

आता वारं फिरलं. रेवेवाडीतले सगळे एका दमात उभे राहिले. "महादून उघडलो! कौल फिरवलो! देवाच्या नळीक हात लावलो!"

"शिरा पडो तुमच्या तोंडार!" महादू किंचाळला. "त्या गाऱ्हाण्याचो दीस सोडलो तर मी तेच्या खळ्यात पाय ठेवलंय त्येका जमानो झालो!"

"मगे पेद्रून उघडलो असतलो!"

दाराशी उभा असलेला पेद्रू दचकला. "माका खंय ओढतास? माझो देव ह्या भांडणात नाय!"

भिकाजीच्या समोर वाट अशी सरळ झाली होती. काही बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. महादूचं तोंड काळं, नारळ आपला, जन्माचा निकाल. महादू दोन्ही हात पसरून सगळ्यांकडे बघत होता. भिकाजीने हे दृश्य किती वर्षं स्वप्नात बघितलं होतं! आणि आता ते समोर आल्यावर त्याने नजर वळवली.

बायकांच्या बाजूने सत्यवतीचा आवाज आला. "सांगतास, काय मी सांगू?"

भिकाजी उठला. "मी उघडलंय," तो म्हणाला.

"काय?"

"मीच. वली होती. बुरशी धरात म्हणान सुपात घातलंय... हळद-कुंकू लायलंय. पेद्रूच्या कोंबड्यांनी थोडी सांडवल्यानी, ती भरून काढलंय."

प्राजक्ताने कपाळाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "कोंबड्या," ती स्वतःशीच म्हणाली. "दोन वर्षांचा प्रकल्प, आणि कोंबड्या." गाव हसून हसून लोळायच्या बेतात होता. हसला नाही तो एकटा महादू. तो भिकाजीकडे टक लावून बघत होता.

"असू दे," अखेर प्राजक्ता म्हणाली. "पाइप जीपमध्ये आहे. त्याच जागी दुसरा ठोकू. आत्ताच चला."

"आत्ता नको," भिकाजी घाईघाईने म्हणाला. "आज दिवस बरा नाय."

"वाळूला वार नसतो, भिकाजीराव."

"मगे पौर्णिमा झाल्यार..."

पण गाव उठलाही होता. फुकटचा तमाशा कोण सोडतो? सगळी वरात सभामंडपातून निघाली, रेवेवाडीत उतरली, आणि भिकाजी सगळ्यांच्या मागे, फाशीला नेल्यासारखा. आज त्याला कोणी पुढे सरकायला सांगत नव्हतं, हीच काय ती मेहेरबानी.

घराला वळसा घालून माणसं पुढच्या अंगाला आली आणि एकेक करून जागीच थबकली. पडवी होती. पायऱ्या होत्या. पायऱ्यांपुढे आता हातभरच खळं उरलं होतं. त्याच्यापुढे समुद्र.

"पाइप कुठे ठोकला होता?" प्राजक्ताने हळूच विचारलं.

भिकाजीने पाण्याकडे बोट दाखवलं. तिथे एक लाट फुटत होती.

मग प्राजक्ता बोलली, आणि या वेळी तिला मध्ये कोणी तोडलं नाही. ती म्हणाली, "हेच सांगायला मी आले होते. खाडीकडच्या पाइपात हेच आहे. ही पट्टी समुद्रानेच आणून टाकलेली आहे, आणि आठशे वर्षांपूर्वी इथे जमीन नव्हती, पाणी होतं. याआधीही त्याने ती एकदा परत नेली आहे. आता पुन्हा नेतोय. आणि पाणी वाढतंय, त्यामुळे या खेपेला तो घाईत आहे."

म्हणजे खरा कौल महादूच्या बाजूने पडला होता. आठशे वर्षांपूर्वी पाणी! गाव मान वळवून महादूकडे बघू लागला, आता हा नाचतो म्हणून. महादू पायऱ्यांकडे बघत होता. सर्वांत खालच्या पायरीवर शेवाळ चढलं होतं.

"माड तू तोडलंस म्हणा होतंस," तो म्हणाला.

"व्हय."

"गाढवा," महादू म्हणाला आणि कोणाकडे न बघता सडा चढून गेला.

पौर्णिमेला मिरवणूक निघाली ती नेहमीच्या वाटेने. समुद्रापर्यंत मात्र जावं लागलं नाही. भिकाजीच्या दारातच तो भेटला. भिकाजी साधा सदरा घालून पायरीवर उभा होता. आपण मागे उभं राहायचं, कौल तो कौल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं, पण मागे उभं राहायचं तर स्वतःच्याच घरात शिरावं लागलं असतं. महादू सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन पुढे आला, आणि त्याने तो भिकाजीच्या हातात दिला.

"तू सोड."

"मी कशाक? बाई सांगल्यान ना, हय पाणी होता."

"बाई सांगात ता सांगात," महादू म्हणाला. "समुद्र पयलो माझ्या दारात इलो नाय. तुझ्या दारात इलो. मगे थोरला घर खंयचा?"

होडीवाल्यांनी जयघोष केला. भाई गुरवाने खबरदारी म्हणून दोन पावलं मागे सरकून गाऱ्हाणं घातलं. सगळा गाव भिकाजीच्या मागे उभा होता, अगदी महादूसकट. एवढ्या वर्षांत असं निर्विवाद थोरलेपण त्याला कधी मिळालं नव्हतं, आणि ते का मिळालं हे त्याला समजत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पायरीवरूनच नारळ सोडला.

लाटेने तो घेतला, थोडा आत नेला, गरगरवला, आणि पुढच्या लाटेने आणून परत दिला. नारळ उरलेल्या खळ्यातून गडगडत आला, पहिल्या पायरीवर आपटला आणि तिथेच थांबला. सोनेरी कागद सुटून गेला होता.

सत्यवती खाली उतरली. तिने नारळ उचलला, पदराने पुसला आणि समुद्राकडे बघितलं. "त्येका नारळ नको," ती म्हणाली. "त्येका घर होया."

महादू पायरीजवळ सरकला. "माझ्या पडवीबाजूक जागा आसा. कातळ आसा, खंय जावचो नाय. फुडचो मिरग येवच्या आधी भिंती उभ्यो करू. वर ये रे."

भिकाजीच्या घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. घर, पडवी, मागच्या दारची तुळस, सगळं एकदा मान वळवून बघून झालं. मग म्हणाला,

"येतलंय. पण सड्यार इल्यार पयलो नारळ कोणाचो?"

महादूचं नाक जरासं वर गेलं.

"तां मगे बघू," तो म्हणाला.